एक डायनॅमिक, चार आर्मेचर, दोन इलेक्ट्रोस्टॅटिक: बेस सुटा पडतो, ‘स’ टोचतो. चूक कुठे शोधायची?

खर्जवेडा (प्रश्न)

हायब्रिड आयईएमचा सेट आहे, म्हणजे कानात घालायचे इअरफोन, ज्यात आवाज काढणारे ड्रायव्हर वेगवेगळ्या जातींचे असतात. १० मिमीचा एक डायनॅमिक ड्रायव्हर, चार बॅलन्स्ड आर्मेचर, दोन इलेक्ट्रोस्टॅटिक ट्वीटर. कागदावर १६ ओहम, १०५ डेसिबल प्रति मिलिवॉट, दोन्ही आकडे १ किलोहर्ट्झचे. सोबत आलेल्या आलेखात इंपीडन्स (विजेला होणारा अडथळा) सपाट नाही: ५०० हर्ट्झला ३० ओहम, ५ किलोहर्ट्झपाशी ८ ओहम. केबल ०.७८ मिमी टू-पिनची, वेगळी घेतलेली. टोकाचा प्लग बदलता येतो, साधा ३.५ मिमी किंवा ४.४ मिमी बॅलन्स्ड (दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या).

ऐकताना जाणवतं ते असं:

१. लॅपटॉपच्या जॅकवर सेट झाकोळलेला वाटतो, डोंगलवर लख्ख. डोंगल (बाहेरून जोडायचा छोटा ॲम्प) काही महागातला नाही.
२. बेस भरपूर आहे, पण गाण्याला चिकटत नाही. डोक्याच्या मागे कुठेतरी वेगळाच वाजत राहतो.
३. ‘स’, ‘श’, ‘च’ टोचतात. कंपनीच्या आलेखात ८ किलोहर्ट्झला शिखर दिसतं म्हणून ईक्यूत (इक्वलायझरमध्ये) तिथे ५ डेसिबल कापले. आवाज मेला, टोचणं तसंच.
४. डोंगलच्या ४.४ वर शांत जागी सूंऽऽ असा आवाज.

यातलं किती ड्रायव्हरचं आणि किती बाकीच्या गोष्टींचं, हे वेगळं कसं करायचं? शंभर तास बर्न-इन करा, म्हणजे नवा सेट नुसता वाजवत ठेवा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्याचा उपयोग आहे का?

---

जवारी

ड्रायव्हरांची गणती तूर्तास विसरा. क्रमांक २ च्या तक्रारीत दोन गोष्टी आधी बघायच्या, एक सील आणि दुसरी पोलॅरिटी.

सील, म्हणजे सेटच्या तोटीवरचं मऊ टोक (टिप) कानात हवाबंद बसणं: ४० हर्ट्झचा सूर अगदी हळू आवाजात लावा. सेट कानात असताना बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर सूर फुगला तर हवा गळते आहे. एक माप मोठी टिप लावून पुन्हा बघा. दोन्ही कानांना एकच माप लागेल असं धरून चालू नका, डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठी टिप लागणं अगदी नेहमीचं आहे. एकाच बाजूने हवा गळत असेल तर बेस दुसऱ्या कानाकडे झुकतो. त्यात बेस कमी झाला की वरचे सूर आहेत तेवढेच राहतात आणि तुलनेने पुढे येतात. तुमच्या ‘स’मधला थोडा भाग इथूनच येत असू शकतो.

टिप घालताना कागद चुरगळल्यासारखा आवाज येत असेल तर तो डायनॅमिकचा पडदा आहे. कानात कोंडलेली हवा त्याला आत ढकलते. दुसऱ्या हाताने कानाची पाळ वर आणि मागे ओढायची, टिप किंचित फिरवत सावकाश आत न्यायची, म्हणजे हवेला वाट मिळते. सेटच्या आतल्या अंगाला सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसेल, ते डायनॅमिकचं व्हेंट. ते कानाच्या कातडीला टेकून बंद झालं की बेसचा स्वभाव बदलतो, म्हणून कानात बसवताना ते कुठे येतं हेही बघून ठेवा.

पोलॅरिटी: केबल वेगळी घेतलेली आहे, म्हणून माझा पहिला संशय यावरच. टू-पिनच्या एका बाजूचे धन-ऋण उलटे झाले की दोन्ही कानांतले पडदे विरुद्ध दिशेने हलतात. स्पीकरमध्ये असं झालं तर बेस हवेतच एकमेकांना मारतो आणि नाहीसा होतो. आयईएममध्ये तसं होत नाही, कारण दोन्ही कानांतली हवा वेगळी. बेसचं प्रमाण तेवढंच राहतं, जागा मात्र हरवते. “डोक्याच्या मागे कुठेतरी” हे वर्णन अगदी त्याच दुखण्याचं.

एकट्या आवाजाचं मोनो रेकॉर्डिंग (दोन्ही कानांत तेच) लावा. आवाज कपाळाच्या मधोमध, टिकलीएवढ्या जागेत उभा राहायला हवा. तो पसरून दोन्ही कानांकडे सरकला आणि मध्ये पोकळी वाटली तर एका बाजूची पिन १८० अंशांत फिरवून लावा. फक्त एकाच बाजूची. दोन्ही फिरवल्या तर फरक कळणार नाही.

कानामागून वळणारा हूक केबलला ओतीव असेल तर पिन फिरवल्यावर तो उलट्या दिशेला जातो. मग पिन बरोबर घातलेली असून केबलच आतून उलटी जोडलेली असण्याची शक्यता जास्त. सेट काढून ठेवा आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार कुठून कुठे जोडलेली आहे ते दाखवणाऱ्या सेटिंगवर) लावा. ३.५ च्या प्लगवर टोक म्हणजे डावा धन, मधलं कडं उजवा धन, मागचा भाग दोघांचा समाईक. ४.४ वर टोकापासून क्रमाने डावा धन, डावा ऋण, उजवा धन, उजवा ऋण आणि सगळ्यात मागे ग्राउंड. डाव्याची धन पिन कोणती ते बघा. उजव्याची धन पिन आरशातल्या प्रतिबिंबासारखी त्याच बाजूला यायला हवी.

---

एक_ओहम

१ आणि ४ विजेची दुखणी आहेत, गणिताने सुटतात.

प्रत्येक ॲम्पला स्वतःचा आउटपुट इंपीडन्स असतो. तो आणि आयईएम मिळून व्होल्टेज वाटून घेतात. आयईएमचा इंपीडन्स सगळीकडे सारखा असता तर फक्त आवाज थोडा कमी झाला असता. तुमचा ३० वरून ८ वर येतो, त्यामुळे वाटणी फ्रीक्वेन्सीगणिक बदलते.

लॅपटॉपचा जॅक १० ओहमचा धरा. ५०० हर्ट्झला आयईएमच्या वाट्याला ३०/४० म्हणजे २.५ डेसिबलची घट. ५ किलोहर्ट्झला ८/१८ म्हणजे ७ डेसिबलची घट. वरचे सूर मधल्यांच्या तुलनेत साडेचार डेसिबलने खाली गेले. हा फरक कोणाच्याही कानाला कळेल. आता हेच १ ओहमच्या डोंगलवर करा: घट अनुक्रमे ०.३ आणि १, फरक पाऊण डेसिबलचा. म्हणजे लॅपटॉपवर तुम्ही ऐकत होता तो हा सेट नव्हताच, त्याला बसलेला फिल्टर होता.

आउटपुट इंपीडन्स आयईएमच्या सर्वात कमी इंपीडन्सच्या आठव्या भागाइतका किंवा त्याहून कमी हवा असा ठोकताळा आहे. इथे १६ चा आठवा भाग काढण्याची चूक बरेच जण करतात. भाग काढायचा तो ८ चा. म्हणजे १ ओहम.

जॅकचा आकडा कुठे छापलेला नसतो, पण मोजता येतो. ४०० हर्ट्झचा सूर लावा (स्वस्त मल्टिमीटर एसीत याहून फार वर विश्वासाचे राहत नाहीत). आवाज कमी ठेवून मोकळ्या जॅकवरचं व्होल्टेज मोजा. मग ३३ ओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा मोजा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, १ वजा करा, ३३ ने गुणा. मोकळं असताना ०.२०० व्होल्ट आणि रेझिस्टरवर ०.१५४ आलं तर जॅक जवळपास १० ओहमचा. मीटरचे दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवू नका, जॅक शॉर्ट होईल.

हा परिणाम नेहमीच दोष नसतो, बरं का. एटिमोटिकच्या ईआर-४पी या एकाच आर्मेचरच्या सेटला ७५ ओहमचं ॲडाप्टर मुद्दाम लावून त्याचा स्वभाव ईआर-४एसकडे नेत असत. फरक इतकाच की तिथे ते ठरवून केलेलं होतं.

सूं आवाजाबद्दल. १०५ डेसिबल प्रति मिलिवॉट हा आकडा १६ ओहमवर प्रति व्होल्टमध्ये बदलला तर १२३ डेसिबल होतो (१००० भागिले १६, त्याच्या लॉगच्या दहापट, म्हणजे १८ मिळवायचे). ॲम्पचा स्वतःचा गोंगाट १० मायक्रोव्होल्ट असेल तर कानापाशी २३ डेसिबल. शांत खोलीत हे ऐकू येतं. ३ मायक्रोव्होल्ट असता तर साडेबारा, म्हणजे जवळपास काहीच नाही. सेट बिघडलेला नाही, जास्तच संवेदनशील आहे.

आवाज कमी-जास्त करून बघा. सूं तेवढाच राहिला तर तो ॲम्पच्या शेवटच्या टप्प्याचा, वाढला तर आधीच्या टप्प्याचा किंवा रेकॉर्डिंगचा. गाणं बंद करून तपासू नका. बरेच डोंगल सिग्नल थांबला की आउटपुट म्यूट करतात आणि सूं गेला असं वाटतं. निःशब्द फाइल चालू ठेवून ऐका.

उपाय म्हणजे आधी लो गेन (डोंगलची कमी जोराची सेटिंग), आणि ४.४ ऐवजी ३.५ चं आउटपुट. बॅलन्स्डमध्ये व्होल्टेज दुप्पट आणि आउटपुट इंपीडन्सही दुप्पट, या सेटला दोन्ही नकोत. तेवढ्याने भागलं नाही तर ३.५ साठी छोटा ॲटेन्युएटर (सिग्नल उतरवणारी जोडणी) बनवा. प्रत्येक चॅनेलला १० ओहम मालिकेत आणि त्यानंतर १ ओहम समांतर, १ टक्क्याचे, पाव वॉटचे. आवाज आणि सूं दोन्ही २१ डेसिबलने उतरतात. आयईएमला समोर १ ओहमहूनही कमी आउटपुट दिसतो, म्हणजे पहिली तक्रारही मिटते. ॲम्पला मात्र ११ ओहमचा भार दिसतो, तो त्याला झेपणारा हवा. नुसता मालिकेत रेझिस्टर लावू नका. सूं जाईल, पण लॅपटॉपचं दुखणं डोंगलवर आणाल.

आणि एक धोक्याची सूचना. ३.५ ची केबल ४.४ च्या जॅकमध्ये घालणारं साधं ॲडाप्टर वापरू नका. त्यात डावा ऋण आणि उजवा ऋण एकत्र जोडले जातात. बॅलन्स्डमध्ये या दोन्ही तारांवर सिग्नल असतो, त्यामुळे ॲम्प शॉर्ट होतो. ४.४ ची केबल ३.५ च्या जॅकमध्ये नेणारं चालतं.

---

तारसप्तक

तिसऱ्या तक्रारीत चूक कानाची नाही, आलेख वाचण्याची आहे.

टिप आणि कानाचा पडदा यांच्यामधली हवा दोन्ही बाजूंनी बंद नळीसारखी वागते. अंतर २१ मिमी असेल तर तिचा अर्ध्या तरंगाचा अनुनाद ८ किलोहर्ट्झच्या थोडा वर पडतो, १७ मिमी असेल तर १० किलोहर्ट्झला. मोजमापाच्या ७११ कपलरमध्ये (कानाची नक्कल करणारं यंत्र, आयईसी ६०३१८-४) आयईएम अशा खोलीवर बसवतात की हे शिखर ८ वर यावं, म्हणजे वेगवेगळ्या सेटची तुलना करता येते. आलेखातलं ८ चं शिखर बहुतांशी त्या यंत्राचं आहे. त्याच्या वर तर तो कपलर खऱ्या कानासारखा वागतोच असं नाही. तुमच्या कानातलं शिखर साडेनऊवर असेल तर तुम्ही कापलं ते भलत्याच ठिकाणी. आवाज मेला आणि टोचणं राहिलं, याचं कारण एवढंच.

स्वतःचं शिखर शोधायची रीत: साइन स्वीप (खालून वर सरकत जाणारा एकच शुद्ध सूर), ५ ते १२ किलोहर्ट्झ, २० सेकंदांत, एरवी गाणं ऐकता त्याहून बराच हळू. या पट्ट्यात जोरात वाजवलेला शुद्ध सूर कानाला घातक असतो आणि तो किती जोरात आहे ते पटकन कळतही नाही. आवाज कुठे उसळतो तो आकडा लिहा. सेट जरासा आत ढकलून पुन्हा करा. उसळी वर सरकली तर ती तुमच्या नळीची. जागची हलली नाही तर ड्रायव्हरची किंवा सेटमधल्या ट्यूबची.

नळीची असेल तर आधी टिप बदला, ईक्यू नंतर. खोल बसणाऱ्या लांब टिपने शिखर वर सरकतं आणि बरेचदा ‘स’च्या पट्ट्यातून बाहेर पडतं. फोमच्या टिप शिखर बोथट करतात, त्याबरोबर वरच्या सुरांचा मोकळेपणाही थोडा खातात. रुंद तोंडाच्या टिपने वरचे सूर सहसा वाढतात, तेव्हा टोचणाऱ्या सेटवर त्या शेवटी. एवढं करूनही उरलं तर जिथे उसळी सापडली तिथेच पीक फिल्टर (त्याच सुराभोवतीचा पट्टा कमी-जास्त करणारा), क्यू ४ ते ५ (क्यू जितका मोठा तितका पट्टा अरुंद), उणे ३ डेसिबल. पाच कापायची वेळ सहसा येत नाही.

जाता जाता: इलेक्ट्रोस्टॅटिकला दोष देऊ नका. ते ट्वीटर कमी संवेदनशील असतात, आत ट्रान्सफॉर्मर लावूनच चालवावे लागतात आणि बहुतेक रचनांत त्यांचं काम ८-१० किलोहर्ट्झच्या पुढे सुरू होतं. झांजेच्या ठोक्यानंतर जो धूर उरतो तो त्यांचा. ‘स’ बहुतांशी त्याच्या खाली असतो, आणि तिथे आर्मेचर वाजत असतात.

---

खर्जवेडा

तपासलं. उजव्या बाजूची जोडणी केबलमध्येच उलटी निघाली. मूळ केबल लावल्यावर आवाज मधोमध आला. उजव्या कानाला एक माप मोठी टिप लागली. लॅपटॉपचा जॅक मोजला तर १२ ओहम. स्वीपमध्ये उसळी ९.३ वर, आत ढकलल्यावर १० च्या पुढे गेली.

बेस आता जागेवर आहे, तरी गाण्यात पूर्ण मिसळलेला वाटत नाही. डायनॅमिक संथ आणि आर्मेचर चपळ असल्यामुळे हायब्रिडमध्ये असं होतंच, असं म्हणतात. ते कितपत खरं? आणि ऐकून ठरवायचं तर काय लावायचं?

---

जवारी

“संथ बेस” हा शब्द जपून वापरावा. १०० हर्ट्झचं एक आवर्तनच १० मिलिसेकंदांचं असतं, त्यात चपळाई ती काय दिसणार. बेस ओढल्यासारखा वाटतो तेव्हा बहुतेक वेळा १५० ते ३०० हर्ट्झचा पट्टा फुगलेला असतो आणि तो मधल्या सुरांवर सावली टाकतो. तुमची तक्रार मात्र उलटी आहे: मिसळत नाही, वेगळा वाटतो. ती बहुधा २५०-३०० च्या खड्ड्याची. बेसचा उंचवटा २०० पाशी संपतो, मग खड्डा, मग मधले सूर. कानाला तो बांध जाणवतो.

तपासायला तानपुऱ्यासारखं दुसरं साधन नाही. पुरुष गायकाचा काळी एकला लावलेला तानपुरा घ्या. मधल्या जोडाच्या तारा १३९ हर्ट्झला, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ ला. पण जवारीमुळे (घोडीवर तार झणझणते त्यामुळे) त्याच एका तारेतून वरचे स्वरांश ओळीने उमलत जातात, कित्येक किलोहर्ट्झपर्यंत. म्हणजे खर्जाचा एक छेड तुमच्या सेटमध्ये डायनॅमिकपासून सुरू होतो आणि आर्मेचरांच्या हातून हातात जात वर पोचतो. गाणं सुरू व्हायच्या आधीचा नुसता तानपुऱ्याचा तुकडा डोळे मिटून ऐका. छेड आणि त्यातून उमलणारी झणझण एकाच भोपळ्यातून येते, की गुंजन खाली कानाजवळ आणि झणझण वर कपाळापाशी? चांगल्या जुळलेल्या हायब्रिडमध्ये तार एकच राहते. खराब जुळलेल्यात खाली कोणी हार्मोनियम धरलाय आणि वर कोणी वेगळीच तार छेडतोय असं वाटतं.

मग तबला. डग्ग्यावरची मींड ऐका. मनगटाच्या दाबाने ‘घे’ वर चढतो तेव्हा तो क्रॉसओव्हरच्या, म्हणजे एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे आवाज जातो त्या सांध्याच्या, दिशेने सरकत असतो. चढताना मध्येच बारीक झाला, किंवा एका बिंदूला एकदम फुगला, तर तो सांधा. उजव्याचा ‘ना’ त्याच वेळी कोरडा आणि जागच्या जागी राहायला हवा. व्हायोलिन, गिटार, मोठा वाद्यवृंद यांनी सेट छान वाटतो की नाही ते कळेल. सांधा कुठे आहे ते कळणार नाही.

ईक्यूत करून बघा: १०५ हर्ट्झला लो-शेल्फ (त्याखालचा सगळा पट्टा कमी-जास्त करणारा फिल्टर) उणे २, आणि २७० हर्ट्झला पीक अधिक १.५, क्यू १. प्रीॲम्प (ईक्यूतली एकूण पातळी) उणे २ ठेवा, नाहीतर वाढवलेला भाग क्लिप होईल, म्हणजे आवाज फाटेल. याने तानपुरा एकसंध झाला तर प्रश्न प्रमाणाचा होता, ड्रायव्हरच्या जातीचा नव्हता.

---

एक_ओहम

बहुतांशी सहमत, एक पुरवणी. एका ड्रायव्हरचा सेट असेल तर आलेखात सगळं येतं म्हणायला हरकत नाही. अनेक ड्रायव्हर वेगवेगळ्या ट्यूबमधून नॉझलमध्ये (कानात जाणाऱ्या तोटीत) भेटतात तिथे फेजही, म्हणजे तरंग एकमेकांच्या मागे-पुढे किती पोचतात तेही, मोजावा लागतो. ३ किलोहर्ट्झला तरंग ११४ मिमीचा. दोन ट्यूबच्या लांबीत १० मिमीचा फरक असला तर तिथे ३१ अंशांचा फेज फरक पडतो. तोच १० मिमी ३०० हर्ट्झला फक्त ३ अंश. म्हणजे डायनॅमिक आणि आर्मेचर यांच्या खालच्या सांध्यात ट्यूबच्या लांबीने काही बिघडत नाही, तिथे फिल्टरचा उतार बघायचा. वरच्या सांध्यात, आर्मेचर-आर्मेचरमध्ये, ट्यूब आणि त्यातले डँपर राज्य करतात. डँपर म्हणजे बारीक जाळीची बुचं. हिरवं १५०० ओहमचं, पांढरं ६८० चं. हे ओहम हवेच्या प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचे, विजेचे नव्हेत. यातलं काही ईक्यूने दुरुस्त होत नाही, तेव्हा ५ किलोहर्ट्झपाशी अरुंद खोल खड्डा दिसला तर तो भरायला जाऊ नका. १० डेसिबल वाढवले तरी खड्डा खड्डाच राहतो, ड्रायव्हर मात्र ताणला जातो.

आणि मूळ केबल विरुद्ध नवी, ३.५ विरुद्ध ४.४ अशी तुलना करणार असाल तर आधी पातळी जुळवा. ४.४ वर आवाज ६ डेसिबल जास्त येतो आणि जास्त आवाज नेहमीच “खुला” वाटतो. ४०० हर्ट्झचा सूर, आयईएम जोडलेला, मीटरवर दोन्हीकडे तेच व्होल्टेज. ०.२ डेसिबलच्या आत आणायचं म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आत. आवाजाच्या पायऱ्या मोठ्या असतील तर बारीक फरक प्लेअरच्या प्रीॲम्पमध्ये मारा.

---

तारसप्तक

बर्न-इनचं राहिलं. आर्मेचरमध्ये तासांनी सैल होण्याजोगं काही नाही. डायनॅमिकच्या कडेला किंचित फरक पडत असेल, पण टिप अर्धा मिलिमीटर वेगळी बसली की त्याहून मोठा फरक पडतो. शंभर तासांत बदलतो तो ऐकणारा, शिवाय टिपही मऊ होतात. सेट रात्रभर वाजवत ठेवण्यापेक्षा दोन आठवडे तोच एक सेट ऐका.

उलट दिशेचा, म्हणजे बिघडण्याचा बदल मात्र खरा असतो. काही दिवसांनी एक बाजू हळू वाटू लागली तर लगेच ड्रायव्हर गेला म्हणू नका. डावा-उजवा सेट अदलाबदल करून घाला (उलटे बसतील, क्षणभरच). हळू बाजू सेटबरोबर दुसऱ्या कानात गेली तर दोष सेटचा, केबलचा किंवा जॅकचा, त्याच कानात राहिली तर कानाचा किंवा टिप नीट न बसण्याचा. आता सेट पुन्हा आपापल्या कानांत घाला आणि फक्त केबलची टोकं डावी-उजवी बदला. हळू बाजू दुसऱ्या सेटवर गेली तर केबल किंवा जॅक. सेटचा दोष निघाला तर दहातल्या बहुतेक वेळा नॉझलची जाळी ओली किंवा मळाने बंद झालेली असते. कानाची ऊब आणि बाहेरचा गारवा यात जाळीवर बाष्प धरतं आणि आर्मेचरचा बारीक मार्ग आधी बुजतो. टिप काढून सेट रात्रभर सिलिका जेलच्या डबीत ठेवा. मळ असेल तर नॉझल जमिनीकडे तोंड करून कोरड्या मऊ ब्रशने झाडा, वर धरून नको. अल्कोहोल, टाचणी, फुंकर, तिन्ही टाळा. जाळी आत ढकलली गेली की डँपर बिघडतो, आणि मग दोन बाजूंचा ‘स’ पुन्हा कधीच सारखा होत नाही.